बिनकाठाची टोपली

टोपलीचा काठ गिऱ्हाइकासमोर बांधायचा, ही थोरलीच्या सासरची रीत. गिऱ्हाइकानं आत हात फिरवावा, बांबूची कामटी किडकी नाही ना ते बघावं, 'बांध' म्हणावं, मगच काठ बांधायचा. आधीच बांधलेली टोपली म्हणजे कुणीतरी परत केलेला माल. तिला कुत्रं विचारत नाही.

नवरा गेल्यापासून थोरलीचं घर तिच्या दहा बोटांवर चाललेलं. पण बाजारात प्लॅस्टिकच्या पाट्या आल्या आणि तिच्याकडे कुणी ढुंकून बघेना. गावाबाहेरच्या शेडमध्ये टोपल्या विणायची शिकवणी निघाली तेव्हा ती सगळ्यांच्या आधी जाऊन बसली. परीक्षेत पास होईल तिला तिथंच कायमचं काम होतं, आणि तिला दुसरं काय हवं होतं?

परीक्षेच्या दिवशी तिची टोपली अशी उतरली की शिकवणाऱ्या बाई दोनदा वळून बघून गेल्या. काठाची कामटी घमेल्यात भिजत टाकून थोरली निवांत बसली.

"अगं, काठ?" शेजारी बसलेल्या धाकट्या जावेनं विचारलं.

"तपासायला साहेब आले की बांधते. तू बांधलास होय?"

"माझं मेलं ध्यानच नव्हतं. हात थांबलेच नाहीत."

"सासूबाईंना कळलं तर सोलून काढतील तुला."

दोघी तोंडाला पदर लावून हसल्या.

साहेब आले ते घाईतच. थोरलीच्या टोपलीकडे बघून म्हणाले, "काठ कुठंय हिचा?"

"तुम्ही म्हणा, की बांधते."

"मी कशाला म्हणू? वेळ संपली."

"आत हात तरी फिरवून बघा, साहेब."

"अर्धवट कामात काय बघायचं?" म्हणत ते पुढं सरकले. धाकटी जाऊ पास झाली.

थोरली शिकवणाऱ्या बाईंच्या मागं धावली. "बाई, तुम्ही तरी सांगा त्यांना. कामटी भिजलेलीच आहे, आत्ता बांधते."

बाईंचं तोंड उतरलं. "आधी बोलायचंस ना गं. आता माझ्या हातात काही नाही."

आधी काय बोलायचं? टोपली बघणाऱ्याला ही रीत ठाऊक नसू शकते, हेच बिचारीला ठाऊक नव्हतं. तिला रडूही धड येईना.

घरी आल्यावर ती उंबऱ्यात बसली आणि काठ बांधायला लागली. सासू आतून आली, इकडेतिकडे बघितलं.

"गिऱ्हाईक कुठंय गं?"

"नाही."

"मग काठ कशाला बांधतेस? आता ही घेणार कोण?"

"कुणी नाही," थोरली म्हणाली, आणि शेवटची गाठ तिनं ओढून घट्ट केली.