बाबांनी अर्धवट सोडलेले सिनेमे

डोळे मिटू नका, मुलांनो. उघडेच ठेवा आणि माझ्याबरोबर एका खोलीत चला. खोली चौथ्या मजल्यावरची. एका भिंतीवर टीव्ही, समोर पलंग. हा पलंग पूर्वी खिडकीला लागून होता, आता पार कोपऱ्यात सरकवलाय. ऊन डोळ्यांवर येतं, असं कारण सांगून.

त्या पलंगावर एक माणूस बसवा, उजव्या पायाला प्लास्टर असलेला. हे बारकीचे बाबा. त्यांचं काम तुम्ही कधीतरी मान वर करून पाहिलं असेल. उंच इमारतींच्या काचा ते बाहेरून पुसतात. दोन दोरांवर लोखंडी पाळणा लोंबत असतो, त्यात उभं राहायचं आणि पुसत पुसत खाली यायचं. दीड महिन्यापूर्वी त्या पाळण्याचा एका बाजूचा दोर सुटला. कमरेच्या पट्ट्यामुळे बाबा वाचले, पण अकराव्या मजल्यापाशी वीस मिनिटं लटकत राहिले आणि भिंतीवर आपटून पाय मोडला. घरी आल्यावर म्हणाले, "बाकी काही म्हणा, वरून दृश्य छान दिसत होतं." सगळे हसले. मग कुणी काही विचारलं नाही.

बारकी दहा वर्षांची. बाबांना दिवसभर कंटाळा येऊ नये म्हणून तिनं एक काम अंगावर घेतलं. टीव्हीवर सिनेमे ढीगभर, पण त्यातले बघण्यासारखे शोधायचे म्हणजे डोकं उठतं. म्हणून ती रोज सकाळी लवकर उठायची, टीव्हीवरच्या बाबांच्या नावाच्या चौकोनात शिरायची, 'तुम्हाला आवडतील असे' या ओळीतून एकेकाची झलक बघायची. उगाच आरडाओरडा असला की रद्द. रडारड असली की रद्द. एक पसंत पडला की त्याचं नाव चिठ्ठीवर लिहून रिमोटखाली ठेवायची आणि शाळेत जायची.

संध्याकाळी दप्तर टाकत विचारायची, "कसा होता?"

"झकास! आवडला म्हणून अंगठा दिला बघ मी."

"शेवटी काय झालं?"

"शेवट सांगायचा नसतो गं. तूच बघ."

आई आतून म्हणायची, "मजा आहे एका माणसाची! जगाच्या काचा पुसल्या, आणि घरच्या खिडकीवर बोटानं नाव लिहावं इतकी धूळ."

"पाय बरा होऊ दे, पुसतो," बाबा म्हणायचे.

शुक्रवारी प्लास्टर निघालं. डॉक्टर म्हणाले, पाय ठणठणीत. रविवारी सकाळी मुकादम घरी येणार होते, बाबांचा शब्द घ्यायला. बाबांनी फोनवर सांगूनही टाकलं होतं, "सोमवारपासून हजर. पाळण्यावरच." शनिवारी दुपारी आई आतल्या खोलीत त्यांच्या कामाच्या कपड्यांना इस्त्री करत होती आणि बाबा अंघोळीला गेले होते. बारकीनं टीव्ही लावला. शेवटचा सिनेमा तिला खास निवडायचा होता.

बटणावर बोट जरा जास्त वेळ राहिलं आणि यादी भराभर खाली गेली. तिथे एक ओळ होती, तिनं कधी न पाहिलेली. 'अर्धवट पाहिलेले.' त्यात तिचेच सगळे सिनेमे. दोन भाऊ बर्फात हरवतात तो. दीपगृहातल्या मुलीचा. विमान दुरुस्त करणाऱ्या म्हातारीचा. प्रत्येक चित्राखाली किती बघून झालं ते दाखवणारी लाल रेघ होती, नखाएवढी. आणि प्रत्येकावर बाबांचा अंगठा.

बारकीचा चेहरा पडला. एकही बघितला नाही? आणि रोज झकास?

रागारागानं तिनं दीपगृहाचा सिनेमा लावला, थांबला होता तिथून. मुलगी गोल जिना चढून कठड्याशी आली होती. दुसरा लावला. भाऊ कड्यावरून खाली बघत होता. म्हातारीचं विमान नुकतं जमिनीवरून उठलं होतं. मग तिनं मांजराचं कार्टून लावलं. ते तर नुसतं हसायला म्हणून दिलं होतं. मांजर पत्र्याच्या कडेवर आलं होतं, एक पंजा हवेत. बस. तिथेच बंद.

बारकीचा राग कुठल्या कुठे गेला. तिनं कोपऱ्यातल्या पलंगाकडे बघितलं, मग धुळकट खिडकीकडे. तिनं पहिल्या दिवशी बर्फाच्या डोंगराचा सिनेमा दिला होता, बाबा धीट म्हणून. तिचं मन राखायला बाबांनी अंगठा दिला. टीव्हीला वाटलं, यांना उंचावरचं आवडतं. त्यानं आणखी उंचावरचं पुढे केलं, तिनं त्यातलंच निवडलं, बाबांनी पुन्हा अंगठा दिला. दीड महिना.

"काय गं, आज काय बेत?" बाबा टॉवेलनं डोकं पुसत बाहेर आले. पडद्यावरचं मांजर दिसलं आणि ते तिथेच थबकले. नजर पटकन जमिनीवर.

"बाबा, तुम्हाला भीती वाटते?"

"छे! मांजराची?"

ती हसली नाही. बाबा पलंगावर बसले. ओला टॉवेल हातात पिळू लागले.

"खिडकीशी गेलं तरी पाय लटपटतात," ते हळूच म्हणाले. "पण आईला सांगू नकोस. उद्या मुकादम येतायत. वर गेलो की होईल नीट."

"आणि नाही झालं तर? वर तर बंद करायचं बटण नसतं ना?"

आतून आईचा आवाज आला, "शर्टाची कॉलर कडक करू का रे? मुकादमांसमोर जरा रुबाब दिसेल!"

"कर," बाबा म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता.

बारकी त्यांच्याजवळ बसली. बर्फाच्या सिनेमावर गेली आणि बाबांचा अंगठा काढून टाकला. मग दीपगृहाचा. मग विमानाचा. बाबा बघत होते. एकेक करत सगळे झाले. मांजराचा तेवढा उरला. तिथे तिनं रिमोट बाबांच्या हातात दिला.

"मी आईला काही सांगणार नाही," ती म्हणाली. "पण बोलावणार आहे."

आणि उठून ती आतल्या खोलीत गेली. इस्त्रीचं बटण बंद केलं, कॉलर तशीच अर्धी राहू दिली, आणि आईचा हात धरून तिला बाहेर घेऊन आली.