कात्सोंगाच्या पोटरीवरचा डाग

मी मोटारसायकल बोलतेय. गोड बोलायची माझी इच्छा नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मलावीतल्या डोंगराळ गावांमधून तान्ह्या बाळांचं रक्त शहरातल्या प्रयोगशाळेत पोचवायला मला आणलं. आईला एचआयव्ही असला की साध्या तपासणीत बाळातही त्याच्या खुणा दिसतात, मग बाळाला लागण असो वा नसो. खरं काय ते शहरातलं मोठं यंत्रच सांगतं. म्हणून बाळ दीड महिन्याचं झालं की त्याच्या टाचेला सुई टोचतात, जाड कागदावर रक्ताचे थेंब वाळवतात, आणि तो कागद माझ्या पेटीतून जातो. लागण असली तर औषध लगेच सुरू व्हायला हवं. उशीर झाला की अशी कितीतरी बाळं पहिला वाढदिवससुद्धा बघत नाहीत.

सुरुवातीला मी मानाने धावले. मग गाड्यांचा साहेब म्हणून कात्सोंगा आला. त्याच्या बायकोचं बिअरचं दुकान होतं आणि माल वाहायला त्याला मी आयतीच सापडले. रक्ताची पाकिटं पेटीच्या तळाशी गेली ती तिथंच राहिली, वर बाटल्या आल्या.

एस्नातच्या जुळ्यांची पाकिटंही त्यातच होती. मुलगा चिसोमो, मुलगी दालित्सो. एकाला पाठीशी, एकीला पोटाशी बांधून ती दवाखान्यात खेपा घालायची. नर्स मालीता मग कात्सोंगाला गाठायची.

"साहेब, एस्नातच्या जुळ्यांचं काय झालं?"

"प्रयोगशाळेत ढीग पडलाय, बाई. मी काय तिथं जाऊन रक्त चाखून सांगू?"

हे बोलताना तो माझ्याच सीटवर बसलेला होता. त्या दिवसापासून मी त्याच्यावर डूख धरला.

चिसोमो गेला.

आमच्याकडे मयताला जो येत नाही त्याच्याकडे लोक संशयाने बघतात. म्हणून कात्सोंगाही आला, उशिरा, मला दामटत, पेटीत बाटल्या तशाच ठेवून. मातीआधी घरच्या कुणीतरी उभं राहून आजार कसा आला ते सगळ्यांना सांगायचं असतं. चिसोमोची आजी उभी होती.

"पोराला जुलाब लागले. मग तोंड आलं, दूध सुटलं. माझ्या लेकीनं काही लपवलं नाही. ती गोळ्या घेते हे गावाला ठाऊक आहे. टाच टोचा म्हटल्यावर तिनं पोरं पुढं केली. रक्त गेलं ते ह्या गाडीवरनं. उत्तर काही आलं नाही. साहेब आलेत, आता त्यांनीच सांगावं."

सगळ्यांच्या माना वळल्या. कात्सोंगाने घाईघाईने किक मारली. मी हूं की चूं केलं नाही. पेट्रोल होतं, इंजिन ठणठणीत होतं, पण मी सुरू झाले नाही. त्याने चिडून पुन्हा लाथ घातली तेव्हा मी कलंडले आणि माझा तापलेला सायलेन्सर त्याच्या पोटरीवर टेकवला. तो ओरडला तरी टेकवूनच ठेवला. मला बरं वाटलं.

पेटीचं झाकण उघडलं. बाटल्या फुटल्या आणि त्यांच्याखालून बिअरमध्ये भिजलेली पाकिटं बाहेर पडली. मालीताने दोन उचलली आणि त्यांवरची नावं वाचली.

"एस्नात, ही तुझ्या पोरांची."

एस्नात उठून त्याच्यासमोर आली. "किल्ली द्या, साहेब."

"बाई, मला भाजलंय गं."

"माझं पोर आत झाकून ठेवलंय. किल्ली द्या."

गावचा मुखिया बसल्या जागेवरून म्हणाला, "द्या. आणि चालत जा."

मालीताने दालित्सोची टाच पुन्हा टोचली. रक्त वाळल्यावर ती स्वतःच माझ्यावर बसली. मी पहिल्या किकेला सुरू झाले. उत्तर आलं: लागण आहे. त्याच दिवशी औषध सुरू झालं. आता दालित्सो चालते, माझ्या टाकीवर खड्याने रेघोट्या ओढते. मी ओढू देते.

कात्सोंगाची नोकरी गेली. लोक म्हणतात, पुरेशी शिक्षा झाली. मला तसं वाटत नाही, चिसोमो काही परत आला नाही. कधी कात्सोंगा रस्त्याकडेला हात दाखवून उभा असतो. मालीता थांबत नाही आणि मी त्याच्या अंगावर होईल तेवढी धूळ उडवते.

आता मला भंगारात काढायचं चाललंय. माझ्या जागी नवी येईल. तिला माझं एवढंच सांगणं आहे. बाई गं, तुझ्या पेटीत बाटल्या ठेवणारा कुणी भेटलाच, तर सायलेन्सर गार व्हायच्या आत त्याला खाली पाड.