भुरक्या येतो का?

जगनच्या जीपमधली गाणी बंद पडली, त्याला मिना कारणीभूत होती.

मिना गोरेगावजवळच्या तांड्यावरची. सेनगावात रामप्रसादकाकांच्या चष्म्याच्या दुकानात ती कामाला होती आणि रोज सकाळी जगनच्या जीपनं जायची. जीपमध्ये गाणी दणदणत असायची. ती मात्र कानात हेडफोन खुपसून खिडकीशी बसायची आणि आपल्याच नादात कधी गालात हसायची, कधी दचकायची. शेजारी भाजीची पाटी पायांत धरून बसलेल्या मनकर्णामावशींना हे काही दिवस दिसलं आणि मग राहवेना.

"पोरी, एकटीच काहून हसून राहिली? कोणी फोनवर हाय का?"

"फोनवर कोणी न्हाई, मावशी. गोष्ट ऐकून राहिले."

मिनानं हेडफोनची एक बाजू मावशींच्या कानात दिली. 'अस्मानगड' नावाची भागाभागांची कादंबरी कोणी वाचून दाखवत होतं. साखळदंडांनी डोंगरमाथ्यांना टांगलेला, आभाळात तरंगणारा एक गड. त्यावर राज्य करणारा बिनचेहऱ्याचा राजा. गडावरून पळालेली चांदवी नावाची पोरगी आणि तिला पाठीवर घेऊन ढगांतून चालणारा तिचा बैल, भुरक्या. सेनगाव आलं तरी मावशींनी कानातलं काढलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या जीपमध्ये चढल्या त्या हात पुढे करूनच.

त्यांच्यासमोर बसायचे विश्वंभर सर. सेनगावच्या कॉलेजात गणित शिकवायचे. "बैल उडतो? ह्या वयात हे काय ऐकता, मावशी?" असं ते एकदा म्हणाले आणि पुढच्या आठवड्यात स्वतःच मान तिरकी करून मावशींच्या कानाशी कान लावायला लागले. ते बघून जगनच वैतागला. "असं चोरून काय ऐकून राहिले सगळे? मिनाताई, तुझा फोन स्पीकरला जोड. बघू तर खरं काय हाय."

तेव्हापासून गोरेगाव ते सेनगाव जीपमध्ये अस्मानगड चालायचा. नवा प्रवासी चढला आणि मोठ्यानं बोलायला लागला की जगन आरशातून असा बघायचा, की तो गप्प बसायचा. हळदीचे दिवस होते. टपावर हळदीची पोती, आत चांदवी आणि बिनचेहऱ्याचा राजा, आणि सगळ्यांच्या कपड्यांना पिवळा वास.

पाचवा भाग संपला तो असा: चांदवी गडावरून खाली झेपावते, तिच्यामागं भुरक्या. वरून बाण सुटतो, भुरक्याच्या बरगडीत घुसतो आणि तो ढगात दिसेनासा होतो. बस. सहावा आणि शेवटचा भाग यायचा होता.

मग जीपमध्ये गोष्टीऐवजी भांडणं सुरू झाली. जगनचं म्हणणं, बिनचेहऱ्याचा राजा म्हणजे चांदवीचा बाप. "बघा ना, तिला मारायची एवढी संधी आली, पण हात उचलला का त्यानं? बापाशिवाय कोण एवढं सोसतंय?" सर म्हणायचे, राजा कोणीही असो, गड पडणार. साखळदंड एकेक करून तुटतायत, सगळा भार उरलेल्यांवर येतोय, हे साधं गणित आहे. मिनाला सरांचं पटायचं नाही. गडावर इतकी माणसं, लेकरं आहेत. लेखिका त्यांना असं मारील होय? ती हमरीतुमरीवर यायची. सर तावातावानं उत्तर द्यायचे. एकदा तर ते बोलण्याच्या नादात कॉलेजच्या फाट्यावर उतरायचेच विसरले.

मावशींना राजाशी आणि गडाशी काही देणंघेणं नव्हतं.

"भुरक्या येतो का न्हाई, तेवढं सांगा," त्या म्हणायच्या. "मला वाटतंय येतो. जनावर वाट विसरत न्हाई."

छापील पुस्तक आधी येणार होतं, आवाजातलं नंतर. सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं की कोणी पुढचं वाचायचं नाही, जीपमध्येच एकत्र ऐकायचं. मिनानंही मान डोलावली होती. पण तिनं पुस्तक कधीच मागवून ठेवलं होतं, आणि कुरियरवाल्यानं ते दुकानाच्या काउंटरवर ठेवलं तेव्हा मान डोलावलेली काही तिला आठवली नाही.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. काचेच्या कपाटामागं बसून तिनं वाचायला घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटचं पान आलं. राजाच्या बुरख्याखाली कोणीच नव्हतं. बुरखा जो घालील तो राजा होत होता. चांदवीनं शेवटचा साखळदंड तोडला, तेव्हा गड कोसळला नाही, पिकलं पान उतरावं तसा माळावर उतरला. आणि नदीकाठी चांदवीला भुरक्याच्या गळ्यातली घंटा सापडली. नुसती घंटा. ती तिनं गडाच्या दारावर बांधली आणि चालत निघून गेली.

मिनाचे डोळे घळाघळा वाहायला लागले. तेवढ्यात नंबर काढायला आलेले एक म्हातारबाबा दारात उभे राहिले. त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं आणि आत रामप्रसादकाकांना हाक मारली, "मालक, माझं राहू द्या. आधी ह्या पोरीचे डोळे बघा."

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये जगननं विचारलं, "पुस्तक आलं म्हणतात बाजारात. मिनाताई, तू वाचलं तर न्हाई?"

"कुठं? ठरलंय ना आपलं," मिना खिडकीबाहेर बघत म्हणाली.

सर नेहमीसारखे गडाच्या भारावर बोलायला लागले. मिना गप्प. त्यांनी मुद्दाम दोनदा डिवचलं, तरी गप्प. मनकर्णामावशी तिच्याकडे टक लावून बघत होत्या.

त्या आठवड्यात मावशींचं पुण्याला जायचं ठरलं. गुडघ्यांचं ऑपरेशन होतं. मुलगा तिकडे नोकरीला, म्हणून तिकडेच करायचं आणि चांगलं चालता येईपर्यंत तिकडेच राहायचं. जायच्या आदल्या दिवशी त्या शेवटची पाटी घेऊन आल्या. सेनगावला उतरल्यावर मिनानं पाटीला हात लावला आणि दोघी बाजाराकडे चालायला लागल्या. मावशींच्या जागेवर पाटी टेकवली, तेव्हा मावशींनी तिचा हात सोडलाच नाही.

"तू वाचलंय," त्या म्हणाल्या.

"न्हाई हो, मावशी."

"खोटं बोलू नको. सरांसंगं भांडायची बंद झालीस, तवाच वळखलं मी. मी काय कोणाला सांगणार न्हाई. तिकडं मला कोण ऐकवणार हाय? भुरक्या येतो का न्हाई, तेवढं सांग."

मिना खाली मेथीच्या जुड्यांकडे बघत राहिली.

"आमचा सर्जा इकला तवा मी माहेरी होते," मावशी सहज बोलल्या, जुड्या लावता लावता. "ट्रॅक्टर घेतला होता, बैल काय कामाचा. मी आले तर दावण रिकामी. कोणी नेला, कुठं नेला, यांनी सांगितलंच न्हाई. असू दे. तू भुरक्याचं सांग."

"येतो, मावशी," मिनाच्या तोंडून निघून गेलं.

"येतो? कसा येतो?"

आता कसा येतो ते सांगणं आलं. मग तिला एकदम तिचे आजोबा आठवले. शंकरसिंग. त्यांच्याही आजोबांच्या वेळी तांडा बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून गावोगाव फिरायचा, आणि ती जुनी जनावरं कशी चालायची, कशी हाकेला थांबायची, हे ऐकलेलं सगळं आजोबा स्वतः पाहिल्यासारखं सांगायचे.

"चांदवी नदीवर जाते," ती म्हणाली. "उजाडत असतंय. पाण्यात तिला शिंगं दिसतात, त्यांच्यावर शेवाळ धरलेलं. गळ्यात तुटका कासरा, पाण्यावर तरंगणारा. भुरक्याच असतो. पण तो तिला वळखत न्हाई. बाणाची जखम भरलीय, पण माणसाची भीती बसलीय. ती पुढं गेली की तो मागं सरतो. मग ती खालीच बसते. हाक न्हाई मारत. नुसती जिभेनं आवाज करते, असा..." मिनानं टाळूला जीभ लावून टक् टक् केलं. "लहान असल्यापासून ती त्याला असंच बोलवायची. तो कान हलवतो. पाण्यातून एकेक पाऊल टाकत येतो आणि तिच्या डोक्यावर हनुवटी ठेवतो. ओली."

मावशींनी पदरानं नाक पुसलं.

"बराबर," त्या शेवटी म्हणाल्या. "असंच करतंय जनावर. आधी लांब उभं राहतंय."

त्यांनी मेथीची एक मोठी जुडी मिनाच्या पिशवीत कोंबली. मिना दुकानात गेली. संध्याकाळी घरी मेथी निवडताना तिला वाटत होतं की आपण चोरी केलीय, आणि त्याच वेळी, नदीचं पाणी जरा थंड सांगायला हवं होतं, असंही वाटत होतं.

पुढे आवाजातला सहावा भाग आला. मावशींची जागा जगननं रिकामीच ठेवायला लावली. गर्दी झाली तरच तिथं कोणाला बसू द्यायचा. रोज थोडं थोडं ऐकत सगळे शेवटाला आले. राजाच्या बुरख्याखाली कोणीच नाही म्हटल्यावर जगननं स्टिअरिंगवर थाप मारली, "हात्तिच्या!" गड माळावर अलगद उतरला, तेव्हा सर खुशीत येऊन मिनाला म्हणाले, "पडला की नाही? हळू पडला, पण पडलाच." आणि मग ती घंटा आली.

जीप सेनगावच्या स्टँडवर उभी होती. दार उघडं होतं. शेवट ऐकायचा म्हणून सरही आज फाट्यावर उतरले नव्हते. कोणी उतरत नव्हतं.

"बैल मारून काय भेटलं त्या बाईला?" जगन समोरच्या काचेकडे बघत म्हणाला. "एवढे भाग लिहिले, एक बैल सांभाळता आला न्हाई?"

"तसं स्पष्ट म्हटलेलं नाही," सर चष्मा पुसत म्हणाले. "नुसती घंटा मिळाली. मेला असं कुठे लिहिलंय?" पण त्यांचा आवाज काही खरा नव्हता.

तेवढ्यात स्पीकरमधून रिंग वाजली. मिनाचा फोन अजून जोडलेलाच होता. तिनं गडबडीनं बटण दाबलं, आणि सगळ्या जीपमध्ये मनकर्णामावशींचा आवाज घुमला.

"मिने, खोटारडे!"

मिनाला तोंड कुठं लपवावं कळेना. फोन स्पीकरवरून काढायला गेली तर जगननं तिचा हात धरला. "राहू दे, राहू दे. मावशी, काय झालं?"

"काय झालं काय? ही माझी नात कोमल, तिनं पुस्तक वाचलंय. मी तिला सांगितलं भुरक्या नदीवर कसा येतो. ती म्हणते, आजी, असं न्हाईच. मी म्हणते, हायच. गुडघ्याला टाके घातलेले, उठता येईना, पण आमी दोघी रोज भांडून राहिलो. आज तिनं शेवटचं पान आणून वाचूनच दाखवलं. घंटा म्हणे!"

"चुकलं, मावशी," मिना पुटपुटली. "तुमी चालल्या होत्या, म्हणून..."

"ते कळलं मला. आता ऐक. मी कोमलला ते सगळं सांगितलं, कासरा, शेवाळ, पर मधलं माझ्या ध्यानात राहिलं न्हाई. तो मागं सरतो, मग ती काय करते? कोमल म्हणते, पुस्तकापरीस हे चांगलं हाय. तिच्यासंगं हे पुस्तक वाचणाऱ्या पोरींना सांगायचंय तिला. पुन्हा सांग, सावकाश."

जीपमधले सगळे मिनाकडे वळले. मिनानं जगनकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. तिचे कान तापले होते. आजवर ह्या जीपमध्ये ती दुसऱ्याच्या गोष्टीवरून भांडली होती. स्वतःची गोष्ट तिनं कधी चारचौघांत सांगितली नव्हती.

"चांदवी नदीवर जाते," तिनं सुरुवात केली. आवाज आधी चिरका निघाला, मग स्थिर झाला. पाणी तिनं थंड केलं. काठावर चिखल घातला. भुरक्या मागं सरला, तेव्हा स्टँडवर बाजूला उभ्या असलेल्या एसटीच्या कंडक्टरनं तोंडात टाकायला काढलेला पानाचा विडा हातातच धरून ठेवला. जिभेचा टक् टक् आवाज तिनं केला, तेव्हा जगननंही नकळत तसाच केला. तोही तांड्यावरचाच होता. ओली हनुवटी डोक्यावर आली आणि फोनमध्ये, तिकडे पुण्यात, कोणीतरी तरुण पोरीनं नाक ओढल्याचं ऐकू आलं.



"पण शिंगांना शेवाळ कसं?" सरांनी विचारलंच. "तो तर ढगांत राहणारा."

"इतके दिवस डोहात उभा होता, सर. लपून."

"हं. मग येईल," सर म्हणाले. "डोहात असेल तर येईल."

"आणि घंटा?" जगननं विचारलं. "घंटा काहून सोडली त्यानं?"

"वाजत होती ना ती. लपायचं म्हणजे घंटा कशी चालंल?"

"बराबर हाय," स्पीकरमधून मावशी ओरडल्या. "कोमल, हे पण लिही!"

त्या दिवशी सर तासाला उशिरा पोचले आणि जगनची फेरी चुकली. मिना दुकानात शिरली तेव्हा रामप्रसादकाका एकटेच काचा पुसत होते.

"आज उशीर काहून?"

"बैल आडवा आला, काका."

"कोणाचा?"

"माझा," मिना म्हणाली, आणि तिनं कपाटातले दिवे लावले.