कस्टममध्ये अडकलेला चष्मा

मित्रांनो, माझी उजवी काडी वाकडी आहे आणि डाव्या भिंगावर एक बारीक चरा आहे. तरीही मी कामाचा आहे. मी एक जुना चष्मा आहे.

माझा नंबर असा अवघड, की चष्मेवाल्याने माझी भिंगे तीनदा परत पाठवली. मग मी ज्यांच्या नाकावर बसलो, ते बाबा घरांचे नकाशे आखत. केसासारख्या बारीक रेघा आम्ही दोघांनी मिळून बारा वर्षे ओढल्या. "याच्यावाचून माझं पान हलत नाही," असे ते सर्वांना सांगत. पुढे ते निवृत्त झाले आणि मी बहुतेक वेळ वर्तमानपत्राखाली पडून राहू लागलो.

एके दिवशी बातमी आली. परदेशात राहणारी त्यांची लेक जिन्यावरून पडली होती, पायाची शस्त्रक्रिया झाली होती. बाबा तडक निघाले. गरम कपडे घेतले, कागदपत्रे घेतली आणि मला मात्र आरशाखालच्या फळीवर विसरले!

धाकट्या मुलाने मला डब्यात घालून पार्सल केले. 'आत काय आहे?' या रकान्यात त्या थट्टेखोराने लिहिले, 'बाबांचे डोळे'. झाले! परदेशातल्या कस्टमवाल्यांची पाचावर धारण बसली. त्यांनी मला अडकवून ठेवले आणि बाबांना मेल पाठवला : पंधरा दिवसांत खुलासा करा, नाहीतर पार्सल नष्ट करू. पण तो मेल वाचणार कसा? बाबांना लांबचे दिसे, जवळचे सगळे धुके. पार्सल पोहोचेना म्हणून धाकट्याने कस्टमला चौकशीचे मेल पाठवले, तर दरवेळी यंत्राचेच उत्तर येई, 'या पत्त्यावर उत्तर पाठवू नये.' फोन लावला, की पाऊण तास नुसते संगीत.

पुढचे मला नंतर कळले. तिकडे नव्या चष्म्यासाठी तपासणीची तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली होती. तोवर बाबा औषधे बाटलीच्या उंचीवरून ओळखत. एका दुपारी त्यांनी चमचा भरला आणि लेकीच्या तोंडाशी नेला.

"बाबा, थांबा!" ती ओरडली. "हे पायाला चोळायचं आहे!"

बाबांच्या हातातला चमचा खाली पडला. "मी तुझी काळजी घ्यायला आलोय की जीव घ्यायला? जातो मी परत."

"कुठे जाताय? आधी तुमचा फोन द्या. पार्सलबद्दल काही मेल आला असेल."

"आला असता तर फोन वाजला नसता का?"

लेकीने स्पॅम उघडले. फुकट बक्षिसांच्या गर्दीत तो मेल सापडला. मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपणार होती.

"विचारतायत, हे डोळे कोणाचे?" तिला हसू आवरेना.

"सांग, माझेच आहेत. काचेचे आहेत."

"बाबा, घोळ आणखी वाढवू नका!"

तिने लिहिले, 'वाचण्याचा जुना चष्मा, एक नग.' सोबत मी नाकावर बसलेला असा बाबांचा जुना फोटो जोडला. फोटो फार मोठा, म्हणून मेल परत आला! लहान करून पुन्हा पाठवला. मग दोघे फोन मध्ये ठेवून बसून राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच शब्द आला, 'मंजूर'. बाबांनी इतका लांब श्वास सोडला, की लेक म्हणाली, "अहो, घरभर वारा सुटला."

चार दिवसांनी मी पोहोचलो. बाबांनी पार्सलची पट्टी चक्क दातांनी तोडली.

मित्रांनो, पार्सलवर आत जे आहे तेच लिहा. थट्टेला घरची माणसे आहेतच. आणि घरातले मोठे माणूस प्रवासाला निघाले, की चष्मा घेतला का, एवढे दारातच विचारा. आमच्यासारख्या जुन्या वस्तूंना रोज कौतुक नको असते, पण जाताना आठवण हवी असते.

बाबांनी मला सदऱ्याने पुसले, नाकावर चढवले आणि औषधाची बाटली उचलून मोठ्याने वाचू लागले. औषधाचे नाव, किती चमचे, कधी घ्यायचे, सगळे. तरी थांबेनात.

"बाबा, तो कारखान्याचा पत्ता आहे," लेक म्हणाली.

"असू दे," बाबा म्हणाले. "वाचू दे मला."