पाठलाग करणारी बाबागाडी

मी बाबागाडी बोलतेय. शनिवारी सकाळी दहा वाजून सतरा मिनिटांनी मी खलनायक झाले. वेळेत एका मिनिटाचीही चूक नाही, कारण बाळ कधी झोपलं हे वहिनी कॅलेंडरवर लिहून ठेवतात, आणि बाळाचा डोळा लागल्याबरोबर शूटिंग सुरू झालं.

त्याआधीचं आयुष्य काय सांगू? कारखान्यात जन्मले, खोक्यात बसून दुकानात आले. तिथून वहिनींच्या थोरल्या बहिणीकडे. तिच्या दोन्ही मुलांचे दात माझा पुढचा दांडा चावतच आले. मुलं पळायला लागली तशी माझी रवानगी या घरी झाली. वहिनी म्हणजे बाळाची आई. मीही त्यांना वहिनीच म्हणते, कारण दिवसभर घरात तीच हाक कानावर पडते.

आल्याआल्या त्यांनी मला गरम पाण्यानं तीनदा धुतलं. ब्रेक लावून बघितला, काढून बघितला, पुन्हा लावला. अजून तेच चालू आहे. सपाट फरशीवर मी कुठे पळणार आहे? पण त्यांचा जीव कायम टांगणीला. बाळ शिंकलं तरी काळजी, शिंकलं नाही तरी काळजी. मला ढकलताना आपल्याशीच पुटपुटत राहतात, "हळू... उंबरा आला... जपून..."

आता धाकटी. ही वहिनींची नणंद, कॉलेजात सिनेमा शिकते. तिला एका थ्रिलरची पहिली दोन मिनिटं तयार करून सोमवारी पाचच्या आत द्यायची होती. मागचं काम उशिरा गेलं म्हणून तिला शून्य मिळालं होतं. याही खेपेला चुकलं तर वर्ष वाया.

गोष्ट सोपी होती. एक बाई घराबाहेरच्या लांबलचक पॅसेजमधून चालली आहे आणि कोणीतरी तिच्या मागावर आहे. तो कोण ते दिसत नाही. जे दिसतं ते त्याच्याच नजरेतून. त्यासाठी चाकांवरचा कॅमेरा हवा. धाकटीनं घरभर बघितलं आणि तिची नजर माझ्यावर येऊन थांबली. ओढणीनं तिनं मोबाइल माझ्या दांड्याला करकचून बांधला. मी तर फुलून गेले. इतकी वर्षं मी नुसती बाळं वाहिली, आता माणसांच्या मागे लागणार होते.

पाठलाग व्हायचा होता तो आजींचा, म्हणजे धाकटीच्या आईचा.

"आई, तुझ्या मागे खुनी आहे. जरा घाबर ना."

"माझ्याच दारात मी कशाला घाबरू? आणि त्या बाळाची टोपी सरकलीय बघ."

मला धाकटी ढकलत होती. झोपलेलं बाळ खांद्यावर घेऊन वहिनी तिच्या पाठोपाठ येत होत्या. माझं एकटीचं कसं होईल ही त्यांना काळजी. आजी चार पावलं चालायच्या, नातवाची आठवण यायची की मागे वळून गोड हसायच्या. नऊ टेक झाले, नऊ वेळा हसल्या. माझं मागचं उजवं चाक आपलं चूं... चूं करत होतं. इतकी मजा मला जन्मात आली नव्हती.

रविवारी आजी बहिणीकडे गेल्या, आठ दिवसांसाठी. सोमवारी सकाळी धाकटी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून एडिटिंगला बसली. शेजारी मी, माझ्यात बाळ, समोर वहिनी कणीक मळत. पहिला टेक लावला आणि धाकटीचा चेहरा पडला. चित्रावर वहिनींचा आवाज. दुसऱ्यातही तोच. नऊच्या नऊ टेकमध्ये त्या दबक्या आवाजात बोलत होत्या.

वहिनींचे हात कणकेतच थांबले. "मी बोलत होते? मला कळलंसुद्धा नाही गं. आई तर मावशींकडे गेल्या, आता पुन्हा काढणार कसं? माझ्यामुळे तुझं वर्ष गेलं."

"रडू नकोस, कणीक खारट होईल," धाकटी म्हणाली.

तिनं आवाज बंद करून बघितलं. पडद्यावर राहिली दूध उतू जातंय का ते बघायला निघालेली एक बाई. पुन्हा आवाज लावला. "हळू... मागे बघू नका, आई... मागे बघू नका..." आणि माझ्यातलं बाळ गर्रकन मागे वळलं. त्याची आई तर पुढ्यात उभी होती, पण ते वेडं तिला पाठीमागे शोधत होतं.

धाकटीनं आपला हात पुढे केला. "वहिनी, बघ. काटा आलाय."

मग काय विचारता. चूं... चूं... "मागे बघू नका, आई." चूं... चूं... धाकटी कापत होती, जोडत होती, आणि कणकेच्या हातांनी वहिनी सांगत होत्या, हे ठेव, ते काढ.

"'आई' काढून टाकू का?" धाकटीनं विचारलं.

"राहू दे. परकं कोणी असतं तर माणूस पळालं असतं. आपलं माणूस असं बोललं की पाय हलत नाहीत."

शेवटी आजी वळतात आणि गोड हसतात. तिथेच अंधार, आणि सिनेमाचं नाव. दोघींनी एकदम एकमेकींचे हात धरले. बाळ खदखदून हसलं. त्याला एकट्यालाच भीती वाटली नाही.

पाचला वीस मिनिटं कमी असताना काम पोचलं. वर्गात दाखवलं तेव्हा पहिल्या बाकावरच्या दोघांनी पाय उचलून वर घेतले म्हणे. सर धाकटीला म्हणाले, "तो आवाज कोणाचा? त्या बाईंना विचार, पुढच्या सिनेमात काम करतील का." वहिनींनी ऐकलं, लाजल्या, आणि लगेच माझा ब्रेक तपासला.

आता बाळ चालतं. मी जिन्याखाली, अंगावर चादर पांघरून उभी आहे. चारही चाकं धड आहेत, ब्रेक तर नव्यापेक्षा पक्का. तुमच्या ओळखीत कोणाकडे बाळ येणार असेल, किंवा कोणाला भीतीचा सिनेमा काढायचा असेल, तर माझं नाव सुचवा. फक्त नेणाऱ्याला एवढं आवर्जून सांगा, मागच्या उजव्या चाकाला तेल घालू नका.