दोघांत एकच पंचा

दत्तरावांचे डोळे आले तसं कासाबाईनं नवऱ्याकडं बघायचंच सोडलं. आलेल्या डोळ्यांकडं बघितलं की आपलेही येतात, हे पोखर्णीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. भाकरीचं ताटसुद्धा ती पाठमोरीच सरकवायची. तरी पाचव्या दिवशी तिचेही डोळे लालभडक!

आशाताई दिपाली बघायला आली. "नजरंनं न्हाई येत, काकू. हातानं, कपड्यानं येतात. तोंड कशाला पुसता?"

कासाबाईनं खुंटीवरचा पंचा दाखवला.

"अन् काका?"

"त्यालाच की. लग्न झाल्यापासून दोघांत एकच हाय."

दिपालीनं कपाळावर हात मारला. पंचे वेगळे करा, घडीघडी हात धुवा, असं बजावून ती गेली.

कासाबाई तडक नवऱ्यासमोर जाऊन बसली आणि तिनं पाच दिवसांचं राहिलेलं बघणं एकदाच उरकून घेतलं.