ओट्याखालचं झाकण

हिम्मतरावांच्या घरी महालक्ष्म्या पक्क्या ओट्यावर उभ्या राहत. बाकीचे लोक पाट मांडतात, चौरंग मांडतात. हिम्मतरावांनी तीस वर्षांपूर्वी मागच्या खोलीत खास सिमेंटचा ओटाच बांधून घेतला होता. हिमायतनगरातल्या मराठी बायकांत त्यांच्या भक्तीचं केवढं कौतुक, आणि इंदुताईंना तर नवऱ्याचा फार अभिमान. खरी गोष्ट एकट्या हिम्मतरावांना ठाऊक होती. त्या ओट्याखाली ड्रेनेजचं झाकण होतं.

खोली वाढवताना ते मधे आलं होतं. घरांच्या पाठीमागून एक बोळ जायचा आणि त्याच्याखालून निजामाच्या काळातला भाजक्या मातीचा पाइप. एकेकाने भिंत दोन-दोन फूट सरकवत तो बोळ गिळून टाकला, मग हिम्मतरावांनीच तेवढं काय पाप केलं होतं? गवंड्याने विचारलं, "साब, इसका क्या करना?" त्यांनी वर शहाबादी फरशी टाकायला लावली. फरशीवर पाय पडला की पोकळ वाजे. वाजू नये म्हणून ओटा, आणि ओट्यावर कुणी चढू नये म्हणून देवी. असा तो भक्तीचा सगळा मामला होता.

तेव्हा त्या पाइपवर वीस-बावीस बंगले होते. आता बंगल्यांच्या जागी पाच-पाच मजली अपार्टमेंट उभी राहिली होती; बोअरचं पाणी, टँकरचं पाणी, सगळं त्याच म्हाताऱ्या पाइपात. चार दिवसांपासून गल्लीत घोटाभर घाण पाणी साचलं होतं, आणि आज नेमका महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस. न्हाणीघराच्या जाळीतून पाणी गुडगुडत वर यायला लागलं. इंदुताईंनी जाळीवर वाळूची पिशवी ठेवली, उदबत्त्यांचा अख्खा पुडा पेटवला आणि पुरण वाटायला घेतलं.

दहाच्या सुमाराला मानसी दारात आली. समोरच्या अपार्टमेंटमधली, पुण्याची, आयटीत नोकरी करणारी. गल्लीच्या सगळ्या तक्रारी तीच मोबाइलवरून करत असे.

"काका, गटार उपसायचं मशीन आलंय, पण त्याचा पाइप मधेच अडतोय. नकाशात मधे एक मॅनहोल आहे आणि जागेवर काहीच नाही. तुम्ही इथले जुने. तुम्हाला आठवतंय का, कुठे होतं?"

"नाही बुवा," हिम्मतराव म्हणाले.

बोलून गेले खरे, पण ती वळताच मनात हिशेब करू लागले. ओटा फोडायचा म्हणजे बसलेल्या महालक्ष्म्या हलवायच्या, आणि विसर्जनाआधी त्या हलवल्याचं त्यांच्या घराण्यात कुणी ऐकलं नव्हतं. खोलीच बेकायदा म्हणून पाडायला लावली तर ते वेगळंच. आणि इंदुताई! तीस वर्षं आपल्या हातून देवी गटारावर बसवल्या गेल्या, हे त्यांना कळलं तर? हिम्मतरावांना घरात बसवेना. ते बाहेर गल्लीत आले.

गल्लीच्या टोकाचं खोल मॅनहोल उघडलेलं होतं. शेजारी चाळिशीचा एक माणूस शर्ट काढून उभा होता आणि सुपरवायझर त्याच्या कमरेला दोर बांधत होता. तोंडाला मास्क नाही, काही नाही.

"आदमी कू उतारने की मनाई है ना?" हिम्मतरावांनी विचारलं. विचारताना त्यांची त्यांनाच लाज वाटली.

"हौ साब, है," सुपरवायझर म्हणाला. "पन बीचवाला मॅनहोलच नै मिलरा तो क्या करना? लोगां सुबे से फोन पे फोन मारके जान खारें. पाच मिनट का काम है. ए यादगिरी, चल."

यादगिरीने चपला काढून बाजूला ठेवल्या आणि आपला मोबाइल हिम्मतरावांच्या हातात दिला. "जरा पकडो साब. अंदर गिरा तो गया. घर से फोन आया तो काम पे है बोलो."

अशा पाच मिनिटांच्या कामावरून परत न आलेल्या माणसांच्या बातम्या हिम्मतराव पेपरात वाचत आले होते, आणि चहाचा घोट घेऊन पान उलटत आले होते. यादगिरी कमरेपर्यंत आत गेला, मग खांद्यापर्यंत. आतून खोकला ऐकू आला. दोर सरकत राहिला. तेवढ्यात हातातला मोबाइल वाजायला लागला. 'काम पे है' एवढे तीन शब्द बोलायचे होते. ते काही केल्या हिम्मतरावांच्या तोंडून निघेनात.

"खींचो! बाहर खींचो उसकू!" ते ओरडले. "मॅनहोल मेरे घर में है!"

माणसांनी दोर ओढून यादगिरीला वर काढलं, तोवर ओरडा ऐकून इंदुताई पुरणाने भरलेल्या हातांनी दारात आल्या होत्या. हिम्मतरावांनी सगळं सांगून टाकलं, गल्लीसमोरच. इंदुताईंनी हात धुतले, आत जाऊन "चुकलं गं आई" म्हणत दोन्ही मुखवटे उतरवले आणि जेवणाच्या टेबलावर ठेवले. मग माणसांनी ओटा फोडला. फरशीखाली झाकण होतं, जसंच्या तसं. मशीनचा पाइप आत गेला आणि अर्ध्या तासात न्हाणीघरातलं पाणी उतरलं. खोलीची मात्र पार दशा झाली. रांगोळीवर चिखल, साड्यांना वास.

इंदुताईंनी टेबलावरच नैवेद्य दाखवला आणि लगेच एक पान वाढायला घेतलं.

"अगं, मला माफ कर," हिम्मतराव म्हणाले. "देवीला मी गटारावर..."

"देवीचं मी बघते," इंदुताई म्हणाल्या. "मानसीने विचारलं ते मी स्वयंपाकघरातून ऐकलंय. त्यानंतर तो माणूस खाली उतरेपर्यंत तुम्ही गप्प होतात. त्याचं काय करायचं ते सांगा."

उत्तराची वाट न बघता त्या पान घेऊन अंगणात गेल्या. यादगिरी तिथे नळावर पाय धूत होता. त्याचा मोबाइल अजून हिम्मतरावांच्या हातात होता. तो द्यायला अंगणात जायचं होतं, आणि त्यांचा पाय उचलत नव्हता.